पूजेचे पाय आणि चालणारे पाय



साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातील एक प्रसंग महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. अंघोळ झाल्यावर लहानग्या श्यामला आपले ओले तळवे जमिनीवर टेकवायचे नसतात; त्यांना माती लागेल म्हणून तो हटून बसतो. आई आपल्या लुगड्याचा पदर धोंड्यावर पसरते आणि त्यावर पाय टेकवून श्याम घरात जातो. पायाला घाण लागू नये म्हणून जितके जपतोस तितकेच मनालाही जप, हा त्या माउलीचा बोध. पिढ्यान् पिढ्या शाळाशाळांतून तो सांगितला गेला आणि तो योग्यच होता. परंतु ज्या काळात कोकणातील एका अंगणात एका बालकाच्या तळव्यांखाली पदर अंथरला जात होता, त्याच काळात या महाराष्ट्रातील लक्षावधी तळवे काटे, चिखल आणि वैशाखाचे ऊन तुडवीत होते. त्यांच्याखाली पदर तर राहोच, साधी वहाणही नव्हती. मनाला जपण्याचा उपदेश समाजाने उचलला. पायाला जपण्याची गोष्ट मात्र ज्याची त्याच्यावर सोडून दिली.

विषमतेची चर्चा जमीन, मजुरी, शिक्षण आणि सत्ता या अंगांनी होते आणि ती व्हायलाच हवी. तिच्या तुलनेत पाय हा विषय काहींना क्षुल्लक वाटेल, काहींना हसूही येईल. तथापि समाजाने माणसाच्या कोणत्या अवयवाला मान दिला आणि कोणत्याची हेटाळणी केली, यावरून त्या समाजाची श्रमाविषयीची दृष्टी स्पष्ट होते. आपला समाज पायाची पूजा करतो आणि पायाचा तिरस्कारही करतो. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा नांदतात, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे.

भाषेतील साक्ष

भाषा ही समाजमनाची रोजनिशी असते. ‘पायधूळ झाडावी’, ‘चरणी माथा ठेवावा’, ‘पाय धुऊन तीर्थ घ्यावे’ हे शब्दप्रयोग मराठीतच आहेत आणि ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हणही मराठीतच आहे. ‘पायरी ओळखून वागावे’ असे सांगितले जाते, ते कोणाला? ज्याची पायरी खालची ठरविली गेली त्याला. म्हणजे पाय वंद्य की निंद्य हे पायावर अवलंबून नसते. तो पाय कोणाचा आहे यावर ते ठरते. गुरूचा, राजाचा, जावयाचा पाय वंद्य. कष्टकऱ्याचा पाय ओटीच्या खाली.

या विभागणीला धर्मग्रंथाचा आधार देण्यात आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र, अशी कल्पना आहे. सारे शरीर ज्याच्यावर उभे राहते तो अवयव श्रेष्ठ मानावा, असा सरळ विचार येथे झाला नाही. जो भार वाहतो तो हलका, आणि ज्याचा भार वाहिला जातो तो थोर, हा न्याय पुढे शतकानुशतके चालला. पुणे ही पेशव्यांची राजधानी असताना अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, जेणेकरून त्याच्या पावलांनी विटाळलेली धूळ मागच्या मागे झाडली जावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात ही गोष्ट नोंदविली आहे. एकाची पायधूळ कपाळी लावायची आणि दुसऱ्याची झाडून काढायची! धूळ तीच, रस्ताही तोच.

हे सारे इतिहासजमा झाले, असे समजण्याचे कारण नाही. तमिळनाडूत तिरुप्पूर जिल्ह्यातील एका गावी डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ६० दलित स्त्रीपुरुष पायांत चपला घालून एका रस्त्याने चालत गेले. बातमी एवढीच. परंतु सवर्णांच्या त्या रस्त्यावरून चपला घालून जाण्याची त्यांना तोपर्यंत मुभा नव्हती, म्हणून ती बातमी झाली. घटना लागू होऊन सात दशके उलटल्यानंतर चप्पल घालून चालणे हा सत्याग्रह ठरतो, याचा अर्थ प्रत्येकाने आपल्याशी लावून पाहावा.

पंढरीची पायरी

महाराष्ट्रात या प्रश्नाला भक्तीच्या प्रांगणातून एक उत्तर मिळाले, हेही सांगितले पाहिजे. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वडील धाकट्याच्या, पुरुष स्त्रीच्या, ज्ञानी अडाण्याच्या पायांना हात लावतो. ज्या समाजात नमस्कार फक्त खालून वर जात होता, तेथे तो दोन्ही बाजूंनी जाऊ लागला. ही साधी घटना नव्हे. पालख्यांच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारे, फोडांवर मलम लावणारे, तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देणारे कारागीर आजही बसतात. शेकडो मैल चालून आलेल्या अनोळखी पायाची सेवा हे येथे पुण्य मानले गेले.

परंतु त्याच पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याचा अधिकार अस्पृश्यांना नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, पायरीजवळ राहिली. वाळवंटात समता आणि गाभाऱ्यात विषमता, अशी ही विसंगती होती. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, ते या विसंगतीविरुद्ध. मंदिरप्रवेशाच्या त्या लढ्याचा आशय थोडक्यात सांगायचा तर एकच: ज्या पायांनी माणूस पंढरीला चालत आला, त्या पायांना गाभाऱ्यापर्यंत जाऊ द्या. आज विठ्ठलमूर्तीचे पाय भक्तांच्या स्पर्शाने झिजतात आणि त्यांना वेळोवेळी वज्रलेप करावा लागतो. दगडाच्या पायांची झीज भरून काढण्याची व्यवस्था समाजाने केली, ही चांगलीच गोष्ट आहे. चालून चालून झिजलेल्या माणसाच्या पायांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

स्त्रीचे पाऊल

पायाविषयीच्या समजुतींचा सर्वाधिक जाच स्त्रीला झाला. सून घरात आली की तिचा ‘पायगुण’ पाहिला जातो. घरात भरभराट झाली तर ती लक्ष्मीच्या पावलांनी आली. मृत्यू झाला, बैल मेला, नोकरी गेली तर ती ‘पांढऱ्या पायाची’. कर्जाचे, दुष्काळाचे आणि रोगराईचे खापर एका मुलीच्या पावलांवर फोडण्याची ही सोय आहे. तिचे ‘पाऊल वाकडे पडले’ की घराण्याची अब्रू जाते. पुरुषाचे पडले तर ती चर्चा दबक्या आवाजात संपते. लग्नात मुलीच्या बापाने वराचे पाय धुवावेत, हा विधी सुशिक्षित घरांतूनही बिनबोभाट चालू आहे.

पाय किती झाकावेत आणि किती उघडे टाकावेत, यातही जात होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी जो उपदेश केला, त्यात वरिष्ठ म्हटल्या जाणाऱ्या जातींतील स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा आणि ज्यांवरून जात ओळखली जाते ते दागिने टाकून द्या, असे सांगितले होते. पोटऱ्या उघड्या ठेवणारे तोकडे लुगडे ही अस्पृश्य स्त्रीची सक्तीची ओळख होती. ते घोट्यापर्यंत नेसणे म्हणजे ती ओळख नाकारणे होते.

सुंदर पाय कोणते?

येथे सौंदर्याचा प्रश्न येतो आणि तो टाळण्याचे कारण नाही. स्त्रीच्या पावलांचे आकर्षण आपल्या कलांतून पदोपदी दिसते. मेंदी, अळता, जोडवी, पैंजण ही सारी त्याची अलंकारभाषा आहे. तमाशाच्या फडावर चाळांच्या नादाने प्रेक्षक हरखून जातो. कमाल अमरोही यांच्या १९७२ सालच्या ‘पाकीझा’ या चित्रपटात आगगाडीच्या डब्यात झोपलेल्या नर्तकीची पावले पाहून एक अनोळखी प्रवासी तिच्यासाठी चिठ्ठी ठेवून जातो. पावले सुंदर आहेत, ती जमिनीवर ठेवू नयेत, मळतील, असा तिचा आशय. या चिठ्ठीवर लाखो प्रेक्षक लुब्ध झाले. त्याच चित्रपटाच्या अखेरीस ती नर्तकी फुटलेल्या काचांवर नाचते आणि तिच्या पायांच्या रक्ताने पांढरी चादर माखते. ज्या पावलांना जमिनीवर ठेवू नका म्हणून विनविले, त्या पावलांना उभे राहण्यासाठी समाजाने सन्मानाची हातभर जागा दिली नव्हती, हे त्या कथेचे मर्म आहे.

पायांविषयी एखाद्याला वाटणारे आकर्षण हा चेष्टेचा किंवा धिक्काराचा विषय करण्याची गरज नाही. मानसशास्त्रानेही या बाबतीत आपली भूमिका सुधारली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेने अशा वेगळ्या आवडीला केवळ ती वेगळी आहे म्हणून विकृती म्हणण्याचे सोडले. त्या व्यक्तीला त्यापासून क्लेश होत असतील किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच तो विकार. दोन प्रौढ व्यक्तींच्या राजीखुशीचा प्रश्न तेथेच मिटतो. समाजाने लक्ष घालावे ते तेव्हा, जेव्हा आवडीचा साचा बनतो आणि त्या साच्यात दुसऱ्याचा देह कोंबला जातो.

चीनमध्ये हे शतकानुशतके घडले. पाच-सात वर्षांच्या मुलींची पावले पट्ट्यांनी आवळून, अंगठा सोडून बाकीची बोटे तळव्याखाली दुमडून, पावलाची कमान मोडली जाई. तीन तसू लांबीच्या पावलाला ‘सुवर्णकमळ’ म्हणत. अशा पावलांच्या मुलीला चांगले स्थळ मिळे, असे आया मानीत आणि म्हणून लेकीचे रडणे कानाआड करीत. १९१२ साली चिनी प्रजासत्ताकाने या प्रथेवर बंदी घातली, तरी खेड्यांतून ती पुढे काही दशके रेंगाळली. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोन विदुषींनी खेड्यांतील वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींच्या आधारे २०१७ साली जे संशोधन मांडले, ते समाजवाद्यांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचे प्रतिपादन असे की, पाय बांधलेली मुलगी धावू शकत नाही, म्हणून ती एका जागी बसून सूत कातते, कापड विणते. गिरणीचे कापड स्वस्त झाले, घरातील हातकामाला किंमत उरली नाही, तेव्हा पाय बांधणेही ओसरले. सौंदर्याच्या कल्पनेखाली श्रमाची सक्ती लपलेली होती.

आपल्याकडे पावले मोडली गेली नाहीत; पण मापदंड फारसा निराळा नाही. गोरी, मऊ, बिनभेगांची टाच सुंदर. भेगाळलेली टाच गावंढळ. बिनभेगांची टाच याचा अर्थ उन्हात न चाललेली, चिखलात न उतरलेली टाच. म्हणजे जिने काम केले नाही ती टाच सुंदर ठरली आणि जिच्या कष्टावर घर उभे राहिले ती लपविण्याची वस्तू झाली. भेगांवरच्या मलमांच्या जाहिराती याच लाजेवर चालतात. भेग दुखते, तिच्यातून रक्त येते, म्हणून ती बरी झाली पाहिजे, असे कोणी म्हणत नाही. चारचौघांत लाज वाटते म्हणून ती बुजवा, असे सांगितले जाते.

पायांचे आजार आणि समाजाचा दोष

पायाच्या दुखण्यांचा इतिहास हा दारिद्र्याचा इतिहास आहे. नारूचे उदाहरण घ्यावे. एके काळी खेड्यापाड्यांतून माणसे नारूने खिळून पडत. पायाच्या कातडीतून हातभर लांबीचा कृमी दोऱ्यासारखा बाहेर येई. रुग्ण दुखरा पाय घेऊन पायऱ्यांच्या विहिरीत पाण्यात उतरला की त्या कृमीची पिलावळ पाण्यात मिसळे आणि तेच पाणी प्यायल्याने इतरांना रोग होई. दोष पायाचा नव्हता. माणसाला पाण्यात उतरूनच पाणी भरावे लागे, हा दोष होता. पायऱ्या बंद करून रहाटाच्या विहिरी आणि हातपंप केले, पाणी गाळून पिण्याची सवय लावली, आणि रोग हटला. देशात शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. सार्वजनिक इच्छाशक्ती काय करू शकते याचा हा पुरावा आहे.

अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यातून अंकुशकृमी शरीरात शिरतो आणि आतड्यात बसून रक्त शोषतो. रानात काम करणाऱ्या स्त्रिया आणि मुले फिकट दिसतात, त्याला अपुऱ्या अन्नाबरोबर हेही एक कारण असते. आवणीच्या दिवसांत सतत पाण्यात उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रात्री पिकाला पाणी देताना अनवाणी पायाला साप चावतो. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुसंख्य खेड्यांतील, आणि दंश बहुतांशी पायालाच. चांगला बूट आणि हातात विजेरी एवढ्या साधनांनीही यातील कितीतरी जीव वाचले असते.

कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही आणि व्रण चिघळत जातो. त्यावर सच्छिद्र मऊ रबराच्या खास चपला हा चांगला उपाय आहे आणि सरकारी कार्यक्रमातून त्या दिल्याही जातात. परंतु त्या चपलेवरूनच लोक रोगी ओळखतात, म्हणून कित्येक रुग्ण ती घालणे टाळतात. जी वस्तू पाय वाचविण्यासाठी दिली तीच समाजाच्या नजरेमुळे कोपऱ्यात पडून राहते. वैद्यकाने शोधलेला उपाय समाजाने असा निरुपयोगी केला.

मधुमेहाचेही तेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या रोगातही पाय बधिर होतो, जखम समजत नाही, आणि शेवटी पाय कापावा लागतो. रोज रात्री स्वतःचे तळवे पाहणे, ते कोरडे ठेवणे, अनवाणी न चालणे, एवढ्या साध्या काळजीने पुष्कळ पाय वाचतात. पण पायाकडे पाहण्याचीच सवय नाही. दवाखान्याच्या दारात चपला काढून आत गेलेल्या रुग्णाचा तळवा उलटून पाहिला जाईल, याची शाश्वती नसते. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून बधिर पाय भाजून घेणारे भाविक आहेत. त्यांना जाड मोजे घालू दिल्याने कोणत्या देवाचा कोप होणार आहे?

पाय घडविणारे हात

पायाचा तिरस्कार पायापुरता थांबला नाही. पायासाठी काम करणाऱ्या हातांवरही तो पडला. कातडे कमावणारा ढोर आणि जोडा शिवणारा चर्मकार यांच्या कसबावर समाज चालला आणि त्यांनाच त्याने गावकुसाकडे लोटले. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतः चपला शिवायला शिकून ही भिंत आपल्या परीने फोडली. ज्या जनरल स्मट्सने त्यांना तुरुंगात टाकले त्याला त्यांनी आपल्या हातची चपलांची जोडी भेट दिली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील एका बड्या फॅशनघराने तशीच वहाण आपल्या प्रदर्शनात मांडली तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गहजब झाल्यावर मूळ मान्य झाले. तथापि परक्या घराण्यावर रागावण्यापूर्वी, येथे बाजारात भाव पाडून त्या कारागिराकडून जोड कोण घेतो, याचाही हिशेब व्हावा.

जयपूर फूटचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. विलायती कृत्रिम पाय बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनविलेला होता. मांडी घालून बसणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात अनवाणी उतरणाऱ्या भारतीय शेतकऱ्याला तो निरुपयोगी ठरे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपुरात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा असा पाय घडविला की, तो लावून माणूस शेतात उतरू शकला. गरिबाचा पाय काय काम करतो हे आधी पाहिले, म्हणून हे साधले. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचे नाव त्या मानाने मागेच राहिले. त्यातही हाताची आणि डोक्याची तीच जुनी उतरंड दिसते.

कार्यकर्त्यांपुढील काम

मग करावे काय? सफाई कामगार, ऊसतोडणी मजूर, वीटभट्टीवर आणि डांबराच्या रस्त्यावर राबणारे मजूर यांना योग्य पादत्राणे मिळणे ही कंत्राटदाराची मेहेरबानी नसून त्यांचा हक्क आहे. तो मागणीपत्रकात वेतनाच्या खालोखाल यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या आणि कुष्ठरोगाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय तपासले जावेत, असा आग्रह गावपातळीवर धरता येतो. दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुलींचा प्रश्न केरळमधील स्त्रियांनी लढून ऐरणीवर आणला. २०१८ साली केरळने आणि २०२१ साली तमिळनाडूने त्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. कामगाराला बसायला स्टूल मिळावे यासाठी कायदा करावा लागतो, ही शरमेची गोष्ट खरी. पण कायदा झाला ही लढ्याची कमाईही खरी.

आणि एक गोष्ट स्वतःच्या घरची. पुरोगामी म्हणविणाऱ्या व्यासपीठांवरही पुढाऱ्यांच्या पाया पडण्याची चाल शिरली आहे. तरुण कार्यकर्ता वाकतो आणि पुढारी त्याला अडवीत नाही. वारकरी वाकतो तेव्हा समोरचाही वाकतो. येथे एकच वाकतो. ज्या चळवळीला पायरीची उतरंड मोडायची आहे तिने ही रीत आपल्या दारातच थांबविली पाहिजे. लग्नात वराचे पाय धुण्याच्या विधीला कार्यकर्त्यांनी आपल्या घरात स्पष्ट नकार द्यावा, आणि ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द कानी पडेल तेथे तो उच्चारणाऱ्याला तेथल्या तेथे अडवावे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत हजारो शेतकरी, बहुसंख्य आदिवासी, मुंबईत आले. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीतून चालून काढली. त्यांच्या फुटलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि शहराला एकाएकी त्या पायांची ओळख पटली. लोक पाणी, अन्न, चपला घेऊन धावले. तो कळवळा खराच होता. परंतु ते पाय चपला मागण्यासाठी आले नव्हते. पायांखालची जमीन मागण्यासाठी आले होते. चपला देणे ही माणुसकी झाली. जमीन, मजुरी, पाणी आणि औषध यांचा हक्क देणे हा न्याय. त्या तळव्यांचे ऋण पहिल्याने फिटत नाही, आणि कार्यकर्त्यांचे काम दुसऱ्यासाठी आहे.